मुखवटा उतरवायचा कोणी?

मानसशास्त्राच्या वर्गात 'पर्सोना' शिकवतात. नटाच्या मुखवट्यासाठीचा हा लॅटिन शब्द कार्ल युंगने माणसाच्या सामाजिक चेहऱ्यासाठी वापरला. मुखवटा प्रत्येकाला लागतो, फक्त त्यालाच आपला चेहरा समजू नये, असं तो म्हणतो. इथवर माझी तक्रार नाही. भांडण आहे ते व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांशी. तिथे युंगचं नाव घेऊन आपल्यासारख्या, घरातल्या पहिल्या पदवीधरांना सांगतात: मुखवटा काढा, खरे व्हा. हे सांगणाऱ्याने आडनाव विचारलं जाण्याच्या भीतीने कधी खोली शोधली आहे का?

पीएचडीसाठी रायपूरला आले तेव्हा आमानाक्यापासून समता कॉलनीपर्यंत मी खोली शोधत फिरले. इथे भोसल्यांच्या काळापासूनची मराठी घरं आहेत, आणि मराठी म्हणजे ब्राह्मण असा अनेकांचा समज. माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर'. एका घरमालकिणीने चहा दिला आणि 'आप लोग तो शुद्ध शाकाहारी' हे स्वतःच ठरवून टाकलं. म्हणजे मुखवटा तिनेच आणला आणि तिनेच माझ्या तोंडावर बांधला. मी जात सांगितली, तशी खोली 'कल ही उठ गई' निघाली. वर 'हम तो जात-पात मानते ही नहीं' हेही ऐकवलं.

कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. डोकं टेकायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, असे दोन मित्र होते. दोघांनीही घरात घेतलं नाही. बाबासाहेबांनी मुंबईची गाडी धरली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आता सांगा, यात कुठला न्यूनगंड होता? छप्पर हवं होतं, एवढंच.

१९६३ साली अर्विंग गॉफमनचं 'स्टिग्मा' आलं. त्यात 'पासिंग'ची, म्हणजे कलंक मानली गेलेली ओळख लपवून वावरण्याची, चर्चा आहे. त्याच वर्षी बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. आमच्या विषयात गॉफमन सगळ्यांना पाठ असतो. बागुल मात्र 'साहित्य' म्हणून बाजूला! खरं तर शीर्षकातला 'चोरली' हा शब्दच बघा. जात लपवणारा चोर ठरतो, आणि जात विचारून खोली नाकारणारा मात्र साव.

१८ डिसेंबरला, गुरू घासीदास जयंतीला, छत्तीसगडभर सतनामी लोक जैतखामावर पांढरा झेंडा चढवतात, उंचावर, सगळ्या गावाला दिसेल असा. स्वतःची लाज वाटणारी माणसं असं करत नाहीत. त्याच समाजातला एखादा मुलगा शहरात खोली मागताना आडनाव गिळत असेल, तर त्याचं कारण त्याच्या मनात शोधू नका. ते दाराच्या आत उभं आहे.

मला मुखवटा दिसतो तो 'आम्ही जात मानत नाही' या वाक्यात. युंग लावायचाच असेल तर तिथे लावा. पुढच्या कार्यशाळेत कोणी 'खरे व्हा' म्हणालं, तर उभं राहून विचारा: घरमालकांची बॅच कधी आहे?