अरिष्टाच्या बाटलीपलीकडे

अमरावती-अकोला भागातील आमच्या चिकित्सालयांत एक रुग्णा वारंवार येते. गाव निराळे, वय निराळे, तक्रारी त्याच. झोप नाही, अन्नावर वासना नाही, छातीत धडधड, सर्वांग दुखते. आम्ही नाडी पाहतो, वातप्रकोपाचे निदान करतो आणि सारस्वतारिष्ट वा अश्वगंधारिष्ट लिहून देतो. पतीने कर्जापायी आत्महत्या केली, हे सोबतची बाई हळूच सांगते. ती स्वतः सांगत नाही. आम्हीही विचारत नाही.

१९ डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयाने अशा कुटुंबांसाठी एक लाख रुपयांचे साहाय्य ठरले. मात्र कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. उसनवारी व अवैध सावकारी त्यात धरली जात नाही. प्रकरण ‘अपात्र’ ठरले तरी सावकार दाराशी येतोच. निंदण आणि वेचणी तिने करावी. सातबारावर नाव मात्र सासऱ्याचे वा दिराचे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला प्रथम वर्गाची वारस मानले, तरी फेरफारासाठी अर्ज करण्याचे बळ तिला कोण देणार?

चरकसंहितेने रोग वाढविणाऱ्या कारणांत विषादाला अग्रस्थान दिले आहे आणि सत्त्वावजय ही स्वतंत्र चिकित्सा मानली आहे. निदानपरिवर्जन हे तर आपल्या चिकित्सेचे पहिले सूत्र. येथे हेतू केवळ शरीरात नाही; तो घरात, कर्जात आणि सातबाऱ्यात आहे. तेव्हा केवळ बाटली देऊन आपले कर्तव्य संपते, असे आम्हांस वाटत नाही.

वैद्यबंधू-भगिनींनी अशा रुग्णेशी एकांतात बोलावे. जीव नकोसा वाटतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास तिला एकटीने परत पाठवू नये. विश्वासू नातलगास सोबत देऊन त्याच दिवशी जिल्हा सामान्य रुग्णालयात वा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे, घरातील कीटकनाशक कुलपात ठेवावयास सांगावे. यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. औषधालय मालकांनी झोपेचे औषध वारंवार नेणाऱ्या भगिनीची आस्थेने चौकशी करावी, आणि २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दर्शनी भागात लावावा.

वारसनोंदीचा अर्ज लिहून देणे हेही आम्ही चिकित्सेचेच अंग मानतो.