पूजन एका दिवसाचे, वंगण रोजचे

खंडेनवमीला वऱ्हाडातील घराघरांत विळा, कुऱ्हाड, वखराची पास आणि सुताराची पटाशी धुऊन, पुसून पाटावर मांडली जाते. पोलिसांच्या शस्त्रागारांतही विजयादशमीच्या निमित्ताने रायफलींना हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूच्या माळा चढतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छायाचित्र झळकते. या परंपरेतील एक क्रम मात्र फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आधी धुणे-पुसणे, मग पूजन. गंजलेल्या विळ्यावर कुंकू वाहणाऱ्या सुनेला घरातील आजी बोल लावल्यावाचून राहत नाही. तोच बोल राज्याच्या शस्त्रागारांना कोण लावणार?

शस्त्रपूजनाची टवाळी करणाऱ्यांची या देशात वाण नाही. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी, दसऱ्याच्याच दिवशी, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्समध्ये पहिल्या राफेल विमानाचे पूजन केले, त्यावर ॐ रेखाटला आणि चाकांखाली लिंबे ठेवली. त्यासरशी स्वतःला पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींना हास्याच्या उकळ्या फुटल्या. लिंबाने विमान उडते काय, असा त्यांचा सवाल होता. लिंबाने विमान उडत नाही, हे त्या विमानाची पूजा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणूनच २३ सप्टेंबर २०१६ रोजी झालेल्या ३६ विमानांच्या करारात देखभालीची स्वतंत्र तरतूद होती आणि किमान ७५ टक्के विमाने उड्डाणसज्ज ठेवण्याची हमी पुरवठादाराकडून घेतली गेली होती. लिंबू श्रद्धेचे आणि हमी व्यवहाराची. दोहोंचा मेळ हीच खरी शस्त्रपूजा होय.

विमानासाठी जो विचार झाला, तो साध्या शिपायाच्या रायफलीसाठी होतो काय, हा खरा प्रश्न आहे.

१९६२ साली चीनच्या आक्रमणाला आपला जवान हाताने खटका मागे ओढून चालवायच्या ३०३ रायफलीनिशी सामोरा गेला. त्या पराभवानंतर लष्कराच्या हाती ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरणी रायफल आली. सैनिकी बोलीत तिला एसएलआर म्हणतात. बेल्जियमच्या आराखड्यावर बेतलेली ही रायफल ईशापूरच्या कारखान्यात तयार होत असे, आणि पुढे ती राज्यांच्या पोलीस दलांतही पोहोचली. ३०३ आणि एसएलआर यांत केवळ वेगाचा फरक नाही, स्वभावाचाही आहे. ३०३ मनगटाच्या बळावर चालते, म्हणून थोडेफार दुर्लक्ष ती सोसते. अर्धस्वयंचलित रायफल स्वतःच्याच श्वासावर चालते. गोळी सुटली की नळीतील वायूचा काही अंश वरच्या छिद्रातून दट्ट्यावर आदळतो, दट्ट्या खटक्याला मागे रेटतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि वीस गोळ्यांच्या मॅगझिनमधून पुढची गोळी नळीत चढते. या मार्गात काजळी साचली, छिद्र बुजले अथवा वायूचे प्रमाण ठरविणारी कळ चुकीच्या खुणेवर राहिली, की दुसरी गोळी चढतच नाही. शत्रू समोर असताना शिपायाच्या हाती मग उरते ती काठी, तीही चार किलोंहून अधिक वजनाची.

नवी रायफल पेटीतून निघते तीच मुळी जाड ग्रीसच्या लेपात. तो लेप साठवणुकीसाठी असतो, गोळीबारासाठी नव्हे. म्हणून पहिले काम मॅगझिन काढून, खटका मागे ओढून, कक्ष रिकामा असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करण्याचे. त्यानंतर सुटे भाग द्रावकाने धुऊन कोरडे करावे लागतात. नळी साफ करणारी दोरी, म्हणजे पुलथ्रू, मागच्या बाजूने घालून तोंडाकडे सरळ ओढावी लागते. ती तिरपी ओढली तर दोरीच्या घर्षणाने नळीचे तोंड झिजते आणि नेम कायमचा ढळतो. तेल कोठे घालावे याहून कोठे घालू नये, हे ज्ञान अधिक मोलाचे. खटका ज्या पट्ट्यांवरून सरकतो तेथे तेलाचा पातळ हात हवा. दट्ट्या आणि त्याची नळी मात्र कोरडीच हवी, कारण तेथले तेल उष्णतेने जळून त्याची काजळी होते. गोळ्या आणि मॅगझिनही कोरडे हवे. गोळीबारापूर्वी नळीतील तेल पुसून काढायचे आणि गोळीबारानंतर पुन्हा लावायचे. एकदा साफ केलेल्या नळीला पुढचे काही दिवस जणू घाम येतो, म्हणून ती पुन्हापुन्हा पुसावी लागते. यातले एकही काम अवघड नाही. पण यातले एकही काम वर्षातून एकदा करून भागत नाही.

त्यात वऱ्हाडचे हवामान. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि वावटळीबरोबर उडणारी बारीक माती बंद पेटीतही शिरते. अशा वेळी सढळ हाताने घातलेले तेल या मातीला धरून ठेवते आणि तिचा लेप तयार करते. दोनच महिन्यांनी चिखलदऱ्याच्या धुक्यात अन् पावसात तीच रायफल कोरडी राहिली, तर तिच्यावर तांबूस पुटे चढतात. म्हणजे अमरावतीत मुख्यालय असलेल्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ९ च्या जवानाला उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरा हात ठेवावा लागतो. हा हात शिकवावा लागतो, त्यासाठी वेळ द्यावा लागतो, फलालीन आणि तेल पुरवावे लागते, सुटे भाग आणि जाणकार आर्मोरर ठेवावे लागतात.

हे सारे न झाल्यास काय होते, याची किंमत महाराष्ट्राने रक्ताने मोजली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत एके-४७ घेऊन उतरलेल्या जिहादी मारेकऱ्यांसमोर आपल्या पोलिसांच्या हाती कोठे ३०३ होती, तर कोठे नुसती लाठी. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक रिकाम्या हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि त्याला जिवंत पकडून दिले. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्या पराक्रमापुढे मस्तक नमते. पण शिपायाला छातीची ढाल करावी लागली, याची लाज कुणाला वाटावयास हवी? राम प्रधान समितीने सरावासाठी लागणाऱ्या दारूगोळ्याच्या टंचाईवर आणि न होणाऱ्या गोळीबार सरावावर नेमके बोट ठेवले. ज्या दलात सरावाची गोळी मिळत नाही, तेथे रायफलीत काजळी साचली की गंज, हे कळणार तरी कसे? न चालणारे शस्त्र न चालविलेल्या हातांत वर्षानुवर्षे निर्धोक दिसते.

खरेदीची बातमी होते, तेलाची होत नाही, हे या रोगाचे मूळ आहे. २०१९ साली लष्करासाठी ७२,४०० सिग रायफलींचा करार झाला, २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा झाला. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. राज्यांनीही पोलिसांसाठी नवी शस्त्रे अवश्य घ्यावीत. पण नव्या पेट्या उघडताना छायाचित्रासाठी पुढे सरसावणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षी त्याच शस्त्रागारात जाऊन नळीतून उजेड पाहतात? फलालीनच्या ठाणाला फीत कापता येत नाही, एवढाच त्याचा अपराध.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतो, दुसऱ्या दिवशी बैलाला सजवून पूजतो. आणि पूजन झाले म्हणून वर्षभर बंडीच्या आसाला वंगण घालायचे तो सोडत नाही. १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनपर्यंत गेले, ते मारुतीला वर्षातून एकदा नारळ फोडून नव्हे. रोजच्या घामावाचून बजरंगबली प्रसन्न होत नाही, हे तेथल्या मातीला ठाऊक होते.

म्हणून येत्या खंडेनवमीला शस्त्रपूजनासाठी निमंत्रित होणाऱ्या प्रतिष्ठितांनी हळदकुंकू वाहण्यापूर्वी चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. आर्मोररची किती पदे भरलेली आहेत? तेल, फलालीन आणि सुट्या भागांसाठी वर्षाला किती तरतूद आहे? गेल्या वर्षात प्रत्येक शिपायाने सरावात किती गोळ्या झाडल्या? शेवटची तपासणी केव्हा झाली? हे प्रश्न विचारणे म्हणजे पोलिसांचा अवमान नव्हे. त्यांच्या घरी वाट पाहणाऱ्या मुलाबाळांविषयीचे ते समाजाचे कर्तव्य आहे. या उत्तरांसाठी आग्रह धरणारा समाजच शस्त्रपूजक म्हणविण्यास पात्र ठरतो.

अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्यावर आजही नऊगजी तोफ आहे. पर्यटक तिच्याजवळ छायाचित्रे काढतात, कुणी हातही जोडतात. पण तिचा धाक आता कुणालाच वाटत नाही.