६ लाखांचं पॅकेज, मग हातात ३७ हजारच कसे? ऑफर लेटरला ‘हो’ म्हणण्याआधी हे गणित बघा

ऑफर लेटरचा मेल येतो, घरात पेढे येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस पडतं. मग पहिला पगार जमा होतो आणि माणूस कॅल्क्युलेटर काढून बसतो.

समजा पॅकेज ६ लाखांचं आहे, म्हणजे महिन्याला ५० हजार. त्यातले १० टक्के ‘व्हेरिएबल’ असतील, तर ५ हजार आधीच बाजूला गेले. कंपनीची कामगिरी बरी झाली तर ते मिळणार, तेही बहुतेक वर्षाच्या शेवटी. बेसिक २५ हजार धरा. त्यावर १२ टक्के, म्हणजे ३ हजार रुपये पीएफमध्ये कंपनी भरते, पण तेही तुमच्याच पॅकेजमध्ये मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे साधारण १२०० सुद्धा त्यातच. उरलेल्यातून तुमच्या वाट्याचे पीएफचे ३ हजार आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा केला, की हातात येतात ३७ हजार ६००. पीएफ तुमचाच पैसा आहे हे खरं, पण पुण्यातला घरमालक भाडं पीएफमधून घेत नाही.

हे गणित आता जास्त महत्त्वाचं झालंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार एकूण मोबदल्यात भत्ते निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम ‘वेतना’तच धरली जाते आणि ग्रॅच्युइटीसारख्या गोष्टी त्या वाढलेल्या वेतनावर मोजल्या जातात. पीएफचं थोडं वेगळं आहे. काही कंपन्या तो १५ हजारांच्या मर्यादेवरच कापतात, म्हणजे १८०० रुपये. म्हणून एचआरला पहिला प्रश्न हा विचारा: पीएफ कशावर कापणार आणि फिक्स्ड किती?

आता मुद्दा पगार वाढवून मागण्याचा. ‘जास्त मागितलं आणि हातची नोकरी गेली तर?’ ही भीती सगळ्यांनाच असते. मलाही होती. पहिल्या नोकरीत एचआरने ‘बजेट इतकंच आहे’ म्हटलं आणि मी फोनवर थँक्यू म्हणून मोकळी झाले. माझ्याच पदावर, माझ्याच अनुभवाच्या मुलाने फक्त ‘थोडं बघता येईल का’ विचारलं होतं, आणि त्याला जास्त मिळाले होते. हे मला चहाच्या टपरीवर कळलं, आठ महिन्यांनी.

पण सगळीकडे हे चालत नाही, हेही सांगायला हवं. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये एकाच वेळी शेकडो मुलं घेतात, तिथे आकडा ठरलेला असतो. २०२४ मध्ये कॉग्निझंटच्या वर्षाला २.५२ लाखांच्या ऑफरवरून सोशल मीडियावर राडा झाला होता. तो आकडा इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांसाठी आहे, असं स्पष्टीकरण कंपनीने दिलं, पण आकडा काही बदलला नाही. अशा ठिकाणी पगारावर वाद घालण्यापेक्षा शहर, जॉइनिंगची तारीख आणि बाँड यावर बोला. बाँड तर नीट वाचाच. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली आहे.

दुसरी नोकरी असेल, तर तुमच्या हातात पत्ते जास्त असतात. बोलायची योग्य वेळ एकच: ऑफर लेखी आल्यानंतर आणि होकार देण्याआधी. इंटरव्ह्यूच्या पहिल्या फेरीत आकडा सांगितला की तुम्ही स्वतःच स्वतःला बांधून घेता. एचआर ‘करंट सीटीसी’ विचारणारच. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात उमेदवाराला जुना पगार विचारायला मनाई केली आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. खोटं सांगू नका, कारण सॅलरी स्लिप मागतात. पण आकड्यासोबत या पदाचा बाजारभावही सांगा. अ‍ॅम्बिशनबॉक्सवर अंदाज मिळतो, त्याच कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून त्याहून चांगला.

मागताना घरभाडं, ईएमआय, लग्न ही कारणं देऊ नका. एचआरला ती रोज ऐकू येतात. ‘ऑफर आवडली, मला यायचंय. पण या कामाचा माझा दोन वर्षांचा अनुभव बघता फिक्स्ड ६ ऐवजी ६.७५ होऊ शकेल का?’ इतकं पुरे. त्यानंतर गप्प बसा. शांतता नकोशी वाटून ‘नाही झालं तरी चालेल’ असं आपणच म्हणून टाकतो, आणि समोरचा सुटतो.

‘नाही’ आलं, तर जॉइनिंग बोनस किंवा सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार मागता येतो. ‘हो’ आलं, तर सुधारित ऑफर लेटर मेलवर येईपर्यंत जुन्या ऑफिसात राजीनामा टाकू नका. फोनवर ‘करून देतो’ म्हणणारा एचआर महिन्याभरात स्वतःच कंपनी सोडून गेलेला असू शकतो.