फुकटची सेंच्युरी नको!

रात्रीचे साडेबारा. बोरिवलीतली आमची सोसायटी ढाराढूर झोपलीय आणि मी हेडफोन लावून ड्रॅगनसमोर उभा आहे. मुलुंडचा दोस्त कानात ओरडतोय, ‘अरे हील कर, हील!’ आणि माझ्या डोक्यात मात्र सकाळची अंधेरी लोकल!

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आम्ही युरोपच्या सर्व्हरवर खेळतो. रेड, म्हणजे टोळी जमवून मोठ्या राक्षसाला लोळवायचा कार्यक्रम, तिथल्या रात्री आठला सुरू होतो. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. गेममधलं खूप भारी गिअर या रेडमध्ये मिळतं. मी दोन आठवड्यांत टोळीतून बाहेर पडलो. दोस्त टिकला, आणि त्याची तलवार चमकायला लागली.

मग रविवारी वडापाव खाताना भांडण ठरलेलं. मी म्हटलं, ‘महिन्याचे पैसे दोघंही भरतो, मग भारी तलवार तुलाच का?’ तो म्हणाला, ‘कारण मी जागलो. तुलाही दिली तर माझ्या जागरणाची किंमत काय?’

आता बोला! तसा हा वाद जुनाच. २००४ मध्ये गेम आला तेव्हा मोठ्या रेडला ४० माणसं लागायची. २००६ मध्ये आलेलं नॅक्सरामस तर अगदी मोजक्यांनीच पाहिलं. कंपनीने २००८ मध्ये ते १० आणि २५ जणांसाठी पुन्हा आणलं. २०११ मध्ये तर कॉम्प्युटरच अनोळखी लोकांची टोळी जमवून द्यायला लागला. राक्षस तोच, पण सोपा. गिअरही जरा हलकं.

खरं सांगू? त्या सोप्या रेडमध्ये मी राक्षस मारला आणि मला काहीच वाटलं नाही. कुणी ‘हाय’ नाही, कुणी ‘बाय’ नाही. चिलखत मिळालं, घातलं, झोपलो. म्हणजे दोस्ताचं थोडं खरं होतं, यार.

पण थोडंच. कारण रात्रभर जागणं ही हुशारी नाही, ती फुरसत आहे. त्याला तान्हं बाळ नाही, मला आहे. गिअरने खेळाडूचं कसब मोजावं, त्याची मोकळी वेळ नव्हे.

क्रिकेटवाल्यांनी हे कधीच ओळखलं. पाच दिवस कुणाला आहेत? म्हणून इंग्लंडने २००३ मध्ये ऑफिस सुटल्यावर बघता येईल अशी ट्वेंटी-२० काढली. बॅट्समनला फुकटची सेंच्युरी नाही वाटली, मॅच छोटी केली. यॉर्कर तितकाच घातक राहिला.

वॉरक्राफ्टलाही ते उमगलं असावं. २०२४ मध्ये त्यांनी डेल्व्ह आणले. एकट्याने जा, नाहीतर पाचजणांपर्यंत मिळून जा. अकरा पायऱ्या, वर जाल तसं कठीण. पण एक फेरी जेवणानंतर, बाळ झोपल्यावर उरकते. त्यातून चांगलं दणकट गिअर मिळतं. अगदी शिखरावरचं मात्र त्यातून मिळत नाही.

माझं मागणं एवढंच : तेही शिखर आम्हाला खुलं करा, पण परीक्षा सोपी करू नका. कठीणच ठेवा, फक्त एका तासात मावेल एवढी करा. नापास झालो तर तलवार नको.

दोस्ताला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘मग आधी अकरावी पायरी चढून दाखव.’

आज रात्री बाळ लवकर झोपलं पाहिजे, बॉस!