छत त्यांचं, डोंगर आपला



मागच्या बैठकीत एका बाईने सरळ प्रश्न टाकला. "कंपनीने पावसाचं पाणी अडवलं तर सरकार करात सूट देतं, मदत देतं. आमच्या आज्या-पणज्यांपासून आम्ही बांध घालून पाणी अडवतो. आमची सूट कुठे गेली?" बैठकीत हशा झाला, पण उत्तर कोणी दिलं नाही. पाऊस तोंडावर आला आहे. पावसाआधीच्या ग्रामसभांत हा विषय निघणार, म्हणून संघटनेचं म्हणणं इथे मांडतो.

पहिली गोष्ट. कारखान्याने स्वतःच्या छतावरचं पाणी धरावं आणि त्यासाठी त्याला सवलत मिळावी, याला आमचा विरोध नाही. उलट हे आधीच व्हायला पाहिजे होतं.

हिशोब सोपा आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक एकराची शेड म्हणजे अंदाजे ४,००० चौरस मीटर पत्रा. आपल्या भागात पावसाळ्यात २,००० मिलिमीटर पाऊस सहज पडतो. म्हणजे त्या एका पत्र्यावर ८० लाख लिटर पाणी पडलं. पाचवा हिस्सा वाया गेला धरा, तरी ६४ लाख लिटर राहिलं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ६४० टँकर! जलजीवन मिशन माणशी रोज ५५ लिटर धरतं. त्या मापाने दोनशे माणसांच्या पाड्याला हे पाणी दीड वर्षाहून जास्त पुरेल.

सगळं पाणी टाकीत मावणार नाही, हे आम्हाला कळतं. पण पावसाचे चार महिने तरी कारखान्याची बोअर बंद राहील. आज काय होतं? आवारात सगळीकडे काँक्रीट, पाणी जिरायला जागा नाही. पन्हळाचं पाणी गटारात आणि गटाराचं पाणी एकदम खालच्या खाचरात. बांध फुटतात, लावलेलं भात वाहून जातं. आणि तोच कारखाना मार्च महिन्यात बोअर आणखी खोल नेतो, मग पाड्याची विहीर आटते. पाऊस आला की त्यांचं पाणी आपल्यावर, पाऊस गेला की आपलं पाणी त्यांच्याकडे.

शहराचं तर याहून मोठं आहे. मुंबईला रोज ३८५ कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. तानसा १८९२ साली झालं, मोडक सागर १९५७ साली, मग भातसा, मग २०१४ साली मध्य वैतरणा. धरणं आपल्या तालुक्यांत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही याच शहापूर-मोखाड्यात. आता गारगाई आणि पिंजाळची नावं पुन्हा पुन्हा निघतात. गारगाई झालं तर वाडा तालुक्यात ओगद्याच्या भागातली गावं आणि तानसा अभयारण्यातलं जंगल पाण्याखाली जाणार. म्हणून शहरात आणि कारखान्यात जेवढं पाणी छतावर धरलं जाईल, तेवढं नव्या धरणाचं कारण कमी होईल. छतावरची टाकी हा आपल्या जमिनीचाच प्रश्न आहे.

मग मालक लोक हे आपणहून का करत नाहीत? कारण टाकी, पाइप, गाळणी याला खर्च येतो, आणि बोअरचं पाणी स्वस्त पडतं. पाणी वाहू दिलं तर त्याचं नुकसान मालकाला भरावं लागत नाही. ते खालचा शेतकरी भरतो.

यावर सरकारकडे तीन रस्ते आहेत. पहिला सक्तीचा. मुंबई महानगरपालिकेने २००२ साली १,००० चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांवर नव्या बांधकामाला पाणी साठवणं सक्तीचं केलं, २००७ साली ही मर्यादा ३०० चौरस मीटरवर आणली. पण कागदावर टाकी दाखवून परवानगी घ्यायची आणि नंतर कोणी बघायचं नाही, असं झालं की सक्ती वाया जाते. दुसरा रस्ता सवलतीचा. पुणे महानगरपालिका पावसाचं पाणी, सौर ऊर्जा, गांडूळखत यांतलं एक काम करणाऱ्या घराला मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन करणाऱ्याला १० टक्के सूट देते. तिसरा रस्ता बाहेरच्या देशांत आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाच्या शहराने २०१० पासून कारखाने, दुकानं, गोदामं यांच्यावर छत आणि काँक्रीट किती आहे ते मोजून पावसाच्या पाण्याचा आकार लावला. ज्याने काँक्रीट उखडलं, खड्डे करून पाणी जिरवलं, त्याचा आकार कमी होतो. जर्मनीतल्या पुष्कळ शहरांतही झाकलेल्या जमिनीच्या मापाने पैसे घेतात.

आम्हाला हा तिसरा रस्ता पटतो. आधी नुकसानीचा आकार लावा, मग काम बघून सूट द्या. नुसती सूट म्हणजे ज्याने आपलं खाचर बुडवलं त्यालाच बक्षीस. वाडा तालुक्यात कारखाने आले तेच मुळात सरकारी सवलतींवर. सवलत घेतली, पाणी घेतलं, मुदत संपल्यावर कितीतरी शेडना कुलूप लागलं. म्हणून सवलत मिळाली पाहिजे ती मोजलेल्या पाण्यावर, दरवर्षी तपासून. फलकावर नको.

आणखी एक सांगणं. रसायनाचा, लोखंडाचा धूर जिथे पत्र्यावर बसतो, तिथलं पाणी बोअरमध्ये सोडू देऊ नका. ते गाळून कारखान्यातच वापरायला लावा. नाहीतर पाणी जिरवण्याच्या नावाखाली आपली विहीर नासेल.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जास्त महत्त्वाची. छत कंपनीचं, पण फलक आपल्या डोंगरावर लागतो आहे.

मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. त्यातून आपल्याकडे चर खणले जातात, बंधारे होतात. काम चांगलं असेल तर नको म्हणायचं कारण नाही. पण आम्ही पाहिलं आहे, चर खणले आपल्या माणसांनी, मजुरी गेली अर्धी, आणि फलकावर नाव फक्त कंपनीचं. ग्रामसभेला कोणी विचारलं नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे ग्रीन क्रेडिट. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे नियम काढले. त्यात झाडं लावणं आहे, पाणी साठवणं आहे, आणखीही कामं आहेत. काम केलं की कंपनीच्या खात्यात क्रेडिट जमा. झाडांची पद्धत फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरली. वनखात्याच्या ताब्यातली 'खराब झालेली' जमीन, विरळ जंगल, झुडपी रान, पडीक आणि पाणलोटाची जमीन शोधून ती लागवडीसाठी द्यायची. ते क्रेडिट दुसरीकडे जंगल तोडल्याच्या भरपाईतही दाखवायची सोय ठेवली आहे.

हे शब्द नीट वाचा. विरळ जंगल, झुडपी रान, पडीक, पाणलोट. खात्याच्या कागदावर जे पडीक, ते आपलं वरकस आहे. तिथे नागली, वरई होते, गुरं चरतात, कुड्याची फुलं, कंद, शेवळं मिळतात. आपले प्लॉट तिथेच आहेत, आणि कितीतरी दावे अजून पडून आहेत. उद्या गार्ड येऊन म्हणेल, इथे कंपनीची लागवड आहे, पाय ठेवू नका. शहरातलं छत कोरडं ठेवून आपल्या डोंगरावर पुण्य कमवायचं, ही सोय आम्हाला मान्य नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ मध्ये लिहिलं आहे की लगतचं पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे साठे यांचं रक्षण होतं की नाही हे पाहण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. सामूहिक वनहक्काच्या जंगलाचं व्यवस्थापनही ग्रामसभेचं. म्हणजे आपल्या डोंगरावरच्या पाण्याचं काय करायचं हे ग्रामसभा ठरवणार.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. आपली सूट कुठे गेली? खाचराचा प्रत्येक बांध पाणी धरतो. उतारावरची ताल पाणी धरते. राखलेलं रान पाणी धरतं. तेच पाणी झिरपत खाली धरणात जातं आणि शहरात नळाला येतं. कंपनी हेच करते तेव्हा त्याला सवलत म्हणतात. आपण करतो तेव्हा अतिक्रमण म्हणतात. रोजगार हमीवर चर खणला तर २०२४-२५ चा दर दिवसाला २९७ रुपये, आणि तेही वेळेवर नाहीत. आम्ही दान मागत नाही. एकच माप लावा, एवढंच म्हणतो. आणि आपल्याला पहिली सवलत हवी ती पैशाची नाही, सातबाऱ्याची आहे. ज्याची जमीन पक्की, तोच बांध पक्का घालतो. उद्या हुसकावतील या भीतीत दगड कोण रचणार?

म्हणून या महिन्याच्या ग्रामसभेत हे ठराव घ्या:

१. हद्दीतल्या आणि वरच्या अंगाच्या प्रत्येक कारखान्याने छताचं माप, बोअरचा उपसा आणि साठवलेलं पाणी दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावं. सवलत त्यानंतर.

२. आवारातलं पाणी खाचरात सोडून बांध फोडला तर भरपाई कारखान्याने द्यावी. पाऊस सुरू झाला की फुटलेल्या बांधाचा तारीखवार पंचनामा करून ठेवा.

३. ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय गावाच्या जंगलात कोणत्याही कंपनीची लागवड, चर, बंधारा किंवा फलक होणार नाही.

४. पडून असलेले वैयक्तिक आणि सामूहिक दावे आधी निकाली काढा, मगच जमीन 'पडीक' ठरवा.

५. रोजगार हमीत बांधदुरुस्ती, समतल चर आणि झऱ्यांचं काम मागणारे अर्ज आत्ताच भरा. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

ठरावाची नक्कल प्रांत कार्यालयात द्या, एक संघटनेकडे पाठवा. वाचता येत नसेल त्या पाड्यावर हा अंक कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि तो एक एकर पत्र्याचा हिशोब पोरांकडून जमिनीवर काडीने करून घ्या. पुढच्या वेळी साहेब पाण्याचं महत्त्व समजवायला आला, की तो हिशोब आपणच त्याला सांगू.

जिंदाबाद!