कुटुंबाने फिरायला जायचं, तर आधी सगळ्यांनी स्वयंपाकघरात या

दरवर्षी 21 जूनला योग दिनाचे फोटो आमच्याकडे बातमीसाठी येतात. पहिल्या रांगेत पदाधिकारी, त्यांच्या मागे अधिकारी, मग शाळेची पोरं. भाषणात हमखास एक वाक्य असतं, 'संपूर्ण कुटुंबाने एकत्र व्यायाम करावा.' मग पोहे-चहा होऊन कार्यक्रम संपतो. पहाटे साडेसहाला एकट्याने आलेल्या या माणसांच्या घरी त्या वेळी डबे कोण भरत होतं, हे बातमीत कधीच येत नाही.

सल्ला चांगलाच आहे. एकत्र व्यायाम करा, एकत्र स्वयंपाक करा, घर जोडलेलं राहतं, हे मलाही पटतं. पण हे दोन सल्ले आपण सुटे सुटे देतो. आपल्याकडच्या बहुतेक घरांत ते एकमेकांत अडकलेले आहेत. जिने स्वयंपाक करायचा, तिला फिरायला जायला वेळ नाही. जो फिरायला जातो, तो स्वयंपाकघरात जात नाही. मग 'एकत्र' कुठून येणार?

आकडे बघा. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची 289 मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88 मिनिटं. बरं, हे फक्त जे करतात त्यांचं. घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत जेमतेम एक आहेत. आता दुसरा आकडा. 2024 मध्येच 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, बायकांत 57 टक्के. पाच तास घरात राबणारी बाईच व्यायामात मागे का, याचं उत्तर 'तिला आळस आहे' असं असूच शकत नाही.

यावर दोन गोष्टी नेहमी ऐकवल्या जातात. पहिली, 'घरकाम हाच बायकांचा व्यायाम.' ओट्याशी दोन तास उभं राहून पाय सुजतात, दम वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. भरभर चालणं त्यात येतं, भांडी घासणं त्यात धरता येणार नाही. दुसरी गोष्ट, 'पुरुष बाहेर कमावतो.' खरं आहे. कमाईच्या कामाला पुरुष जास्त वेळ देतात, हेही त्याच पाहणीत आहे. पण मी पाच तास मागतच नाहीये. 150 मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. तेवढा अर्धा तास आपल्या चौकातल्या टपरीवर आणि मोबाइलवर रोज जातो, हे तुम्हालाही माहीत आहे.

आणि पुरुषांना स्वयंपाक येत नाही हे तर सांगूच नका. सप्ताहात, भंडाऱ्यात पाचशे माणसांची आमटी कोण ढवळतं? लग्नातले आचारी कोण? शेतात मटणाचा बेत ठरला की चूल मांडण्यापासून वाटणापर्यंत सगळं कोण करतं? गावासमोर करायला लाज वाटत नाही, मग घरातल्या चार माणसांसाठीच हात का आखडतो?

आमच्या घरी गेली दोन वर्षं आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा स्वयंपाक मी आणि मुलगा करतो. बायको आणि मुलगी त्या वेळात फिरून येतात. रविवारी चौघंही जातो. माझी भाकरी अजून कधी कधी तव्यावर टाकताना तुटते, मुलगा तिला 'बापाचा नकाशा' म्हणतो. पण एक गोष्ट कळली. पोराला समोर बसवून 'बोल, काय चाललंय शाळेत' विचारलं की तो भिंतीकडे बघतो. वाटाणे सोलताना मात्र आपोआप बोलतो. कोणत्या विषयात गाडी अडली, वर्गात कोण त्रास देतो, हे सगळं मला परातीसमोर बसूनच समजलं. हात कामात असले की तोंड मोकळं होतं.

यात 'मदत' हा शब्द मात्र नको. 'मी बायकोला मदत करतो' म्हटलं की काम तिचंच राहिलं. भाजी कोणती, पीठ आहे का, उद्याच्या डब्याला काय, हा विचार तिच्याच डोक्यात राहणार असेल, तर ती फिरायला गेली तरी मन गॅसपाशीच राहतं. ज्या दिवशीचा स्वयंपाक आपला, त्या दिवशीची यादीही आपली.

आपल्या बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं होतं. तेव्हा त्याची बातमी झाली, म्हणजे ते किती दुर्मीळ होतं बघा. ती पोरं आता मोठी झाली. पुस्तकातलं चित्र त्यांना घरात दिसलं का, हा प्रश्न आपल्याला आहे.

नगरपालिकांनाही एक सांगणं आहे. बागांमध्ये व्यायामाची यंत्रं बसवली, चांगलं केलं. पण बाईला वेळ मिळतो तो अंधार पडल्यावर. त्या वेळी मैदानावर दिवे नसतील, स्वच्छतागृहाला कुलूप असेल आणि कट्ट्यावर टोळकं बसलेलं असेल, तर ती यंत्रं फक्त सकाळच्या पुरुषांसाठी राहतात. दिवे लावा, कुलूप काढा, संध्याकाळी एक माणूस राखणीला ठेवा. उद्घाटनाच्या मांडवापेक्षा यावरचा खर्च सत्कारणी लागेल.

तुमच्या गावातल्या मैदानावर रात्री आठला दिवे असतात का, आणि त्या वेळी तुमच्या घरी पोळ्या कोण लाटत असतं? दोन्ही उत्तरं कमेंटमध्ये लिहा. दिव्यांचा प्रश्न मी बातमीत घेतो. पोळ्यांचा तुमचा तुम्ही बघा.