जखमेवरची हळद



सुगी आली की विळ्याला धार आणि बोटाला चिंधी, ही आपल्याकडची रीतच आहे. ज्वारी काढताना, कडबा तोडताना, ऊस सोलताना कुणाचे ना कुणाचे बोट कापतेच. मग बांधावरून हाक जाते, "अगं, हळद आण!" चिमूटभर हळद जखमेवर दाबली, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली, की गडी पुन्हा पातीला हजर. माझ्याही डाव्या करंगळीवर अशी एक खूण आहे. ती पाहिली की आजीची आठवण होते.

तीच हळद एकदा अमेरिकेच्या सरकारी दप्तरात जाऊन पोहोचली होती. ती हकिकत आधी ऐका, मग कामाचे बोलू.

१९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कचेरीने एक पेटंट दिले. कशाचे? जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे! पेटंट म्हणजे 'ही युक्ती माझी, माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याने वापरायची नाही' असा सरकारी कागद. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांच्या कामावर तो दिला गेला होता, आणि ते दोघेही मूळचे भारतीय वंशाचेच. म्हणजे तुमच्या-आमच्या आजीचे औषध तिकडे 'नवा शोध' म्हणून नोंदले गेले.

आपल्या देशाची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद याविरुद्ध उभी राहिली. तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले आपले मराठी शास्त्रज्ञ. पण 'आमच्या घरोघरी हळद लावतात' एवढे म्हणून कचेरीत भागत नाही. लेखी पुरावा लागतो. परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ धुंडाळले, छापील लेख शोधले, आणि ३२ संदर्भ पुढे मांडले. त्यात भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या मासिकात १९५३ साली छापून आलेला एक लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पुढे २००१ साली आपल्या पारंपरिक औषधांची माहिती परदेशी भाषांत नोंदवून ठेवण्याचे मोठे काम सरकारने हाती घेतले, ते याच अनुभवातून.

ऐकून छाती फुगते ना? फुगायलाच हवी. पण मंडळी, निकाल नेमका कशाचा लागला, ते नीट ध्यानात घ्या. 'ही गोष्ट नवी नाही, भारतात पूर्वीपासून माहीत आहे,' एवढेच त्या कचेरीने मानले. 'हळद लावली की कुठलीही जखम बरी होते,' असे ती काही म्हणाली नाही. हळदीवरचा आपला हक्क शाबूत राहिला, पण जखमेची काळजी आपल्यालाच करायची आहे.

आता हळदीत आहे तरी काय, ते पाहू. तिचा पिवळा रंग ज्या द्रव्याचा, त्याला कुरकुमीन म्हणतात. १८१५ साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळे काढले. शंभर भाग हळदीत ते साधारण २ ते ५ भाग असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र उतरते. बायकांना हे सांगायला नको. फोडणीच्या तेलात हळद पडली की तेल लगेच पिवळे होते, आणि पाण्यात टाकली तर थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो. हे द्रव्य सूज उतरवते, काही जंतूंची वाढ रोखते, आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या जखमा त्याने लवकर भरतात, असे संशोधनात दिसले आहे. पण त्या प्रयोगांत वापरतात ते शुद्ध केलेले, मोजून घेतलेले द्रव्य. आपल्या डब्यातली हळद तशी नसते.

तिचा प्रवास आठवा. गड्डा मातीतून निघतो. शिजवतात, खळ्यावर पसरून वाळवतात, घोळून चकाकी आणतात, मग दळतात. एवढ्या वाटेत धूळ, माती, जनावरांची वर्दळ, सगळे आलेच. शिवाय रंग उठून दिसावा म्हणून काही लोभी माणसे शिशाचा पिवळा रंग चोळतात. तो तर विषच. भाजीत घालायची हळद शिजते तरी, जखमेत ती कच्चीच जाते.

आणि मातीत, शेणात राहतो धनुर्वाताचा जंतू. त्याचे बीज इतके चिवट की उकळत्या पाण्यातही ते लवकर मरत नाही. त्याला हवा मानवत नाही. खोल, तोंड मिटलेली जखम त्याला आवडते. अशा जखमेत भुकटी दाबून भरली की आपण त्याला घर बांधून दिल्यासारखे होते.

आमच्या वस्तीवरच्या एका गड्याची गोष्ट सांगतो. गोठ्याची जुनी फळी काढताना त्याच्या तळपायात खिळा गेला. रक्त आले थेंबभर. हळद भरली, चिंधी बांधली, चार दिवसांत जखम मिटली. आठव्या दिवशी त्याला भाकरीचा तुकडा चावेना. घरच्यांना वाटले, दाढ दुखत असेल. संध्याकाळी दातखीळ बसली. तालुक्याला नेईपर्यंत पाठ धनुष्यासारखी ताणली होती. महिनाभर दवाखान्यात काढून तो वाचला, पण त्या साली पेरणी हुकली आणि बैलजोडी विकावी लागली. त्याची बायको अजून म्हणते, "जखम भरली, म्हणून आम्ही निवांत होतो!"

तेव्हा एवढे करा. जखम झाली की आधी स्वच्छ वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. माती, काडी-कचरा निघू द्या. मग धुतलेले कोरडे फडके घट्ट दाबून धरा, रक्त थांबते. वर स्वच्छ पट्टी बांधा. साध्या खरचटण्याला एवढे पुरते.

खिळा रुतला, जखम खोल गेली, शेणामातीने माखली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या सुईबद्दल विचारा. शेवटची सुई कधी घेतली ते आठवत नसेल, किंवा तिला पाच वर्षे उलटली असतील, तर टाळाटाळ नको. पोरांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ही सुई द्यायची असते, ती चुकवू नका. गरोदर बाईलाही ती देतात. कुत्रे चावले तर हळद-तिखट काही भरू नका. पंधरा मिनिटे साबण-पाण्याने जखम धुवा आणि तडक दवाखाना गाठा. भाजले तर थंड पाण्याची धार धरा, बर्फ किंवा हळद नको. साखरेचा आजार असलेल्याच्या पायाची जखम बारीक असली तरी डॉक्टरांना दाखवा.

आणि आज्या-सासवांना एक विनंती. बाळाच्या नाळेला हळद, राख, शेण काही लावू नका. नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवा. बाळंतिणी आणि नवजात बाळांच्या धनुर्वातावर आपल्या देशाने काबू मिळवला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. तो काबू मिळाला सुईने आणि स्वच्छ बाळंतपणाने. आपल्या घरातून त्याला गालबोट लागायला नको.

मग हळद टाकून द्यायची का? मुळीच नाही. मुका मार लागला, कातडी फुटलेली नाही, तिथे आंबेहळदीचा कोमट लेप खुशाल घाला. दुधात हळद प्या. आजीने लावली ती मायेने, आणि तिच्या काळी दारात सुई नव्हती. आज सुई आहे. आजी आज असती, तर हळदीचा डबा खाली ठेवून तिनेच म्हटले असते, "पोरा, आधी दवाखान्यात जाऊन ये!"